३५२ विमानं पाडणारा हार्टमन मोठा की स्टारफायटर निस्तरणारा श्टाइनहोफ?

सह्याद्रीचा_गरुड

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचा विषय निघाला की पहिलं नाव एरिक हार्टमनचं येतं. ३५२ विमानं, १४०० च्या वर मोहिमा, जगात आजवर कोणाच्याही नावावर एवढी नाहीत आणि पुढेही होणार नाहीत. हे सगळं मान्य. पण मला वाचून वाचून असं पक्कं वाटायला लागलंय की जर्मन वैमानिकांमध्ये ज्याची पूर्ण कारकीर्द बघावी असा माणूस म्हणजे योहानेस श्टाइनहोफ. त्याच्या नावावर १७६ विमानं आहेत म्हणजे हार्टमनच्या निम्मी, पण माझा मुद्दा त्या आकड्यांचा नाहीच. युद्ध संपल्यावर या लोकांनी काय केलं ते बघा असं माझं म्हणणं आहे.

१९६६ मध्ये पश्चिम जर्मनीचं हवाई दल अक्षरशः रडकुंडीला आलं होतं. एफ-१०४ स्टारफायटर नावाचं अमेरिकन विमान घेतलेलं आणि ते आठवड्या-दोन आठवड्याला एक पडत होतं. १९६५ या एका वर्षात पंचवीसहून जास्त विमानं गेली. लढाई नाही, शत्रू नाही, आपल्याच देशाच्या आकाशात. त्यावेळचे हवाई दल प्रमुख पानिट्झकी यांनी ही खरेदी म्हणजे राजकीय निर्णय होता असं उघड बोलून दाखवलं आणि त्यांना जावं लागलं. त्या खुर्चीवर सप्टेंबर १९६६ मध्ये श्टाइनहोफ आला, तोही आपल्या अटी घालून, आणि चार वर्षांत त्याने ती गाडी रुळावर आणली. माझ्या मते हे काम त्याच्या १७६ पेक्षा मोठं आणि हार्टमनच्या ३५२ पेक्षाही मोठं. तुम्हाला काय वाटतं?

मेघना_ठाणे

वाचतेय. हार्टमन माहीत होता, श्टाइनहोफ हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. आधी थोडं त्याच्याबद्दल सांगा की, तो कोण, कुठला.

चिन्मय_००७

हार्टमन म्हणजे हार्टमन! नाकावर काळं ट्युलिप रंगवलेलं विमान! बाकी चर्चा नंतर :)

सह्याद्रीचा_गरुड

मेघनाताई, थोडक्यात सांगतो. जन्म १९१३, थुरिंगियातलं बोटेनडॉर्फ गाव. येना विद्यापीठात भाषा शिकत होता, मास्तर व्हायचं डोक्यात होतं, पण पैसे संपले म्हणून १९३४ मध्ये नौदलात गेला आणि तिथून हवाई दलात. डिसेंबर १९३९ मध्ये उत्तर समुद्रावर इंग्रजांची वेलिंग्टन बॉम्बर आली होती, त्या लढाईत तो होता. मग इंग्लिश खाडी, रशिया, ट्युनिशिया, सिसिली, इटली. जवळपास हजार मोहिमा. म्हणजे पहिल्या वर्षापासून शेवटच्या महिन्यापर्यंत हा माणूस सतत उडत होता आणि जर्मनीची हवा कशी निघत गेली ते त्याने कॉकपिटमधून बघितलं.

सिसिलीत १९४३ साली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याने तार पाठवली होती की तुमचे वैमानिक भित्रे आहेत, प्रत्येक तुकडीतल्या एकावर कोर्ट मार्शल करा. समोर अमेरिकन बॉम्बरचे थवेच्या थवे, यांच्याकडे धड विमानं नाहीत, धावपट्ट्यांवर रोज बॉम्ब, आणि बर्लिनहून ही तार. मला वाटतं वरच्या लोकांवरचा त्याचा विश्वास तिथेच उडाला.

जानेवारी १९४५ मध्ये लढाऊ वैमानिकांच्या काही मोठ्या अधिकाऱ्यांनी गोरिंगला समोरासमोर सुनावलं, त्यात हा होता. बोलणारा होता ल्युत्सो नावाचा अधिकारी. गोरिंगने त्याला गोळ्या घालायची धमकी दिली आणि इटलीला धाडलं. श्टाइनहोफकडे तेव्हा जेट विमानांचं पहिलं लढाऊ पथक होतं, तेही त्याच्याकडून काढून घेतलं.

तर्कशुद्ध

गरुड, धागा चांगला आहे पण इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. ते गोरिंगला सुनावणं म्हणजे नाझी राजवटीविरुद्धचं बंड नव्हतं. त्यांची तक्रार होती की आम्हाला नीट लढू देत नाही, लढाऊ वैमानिकांचा प्रमुख गॅलंड, त्याला का काढलं, जेट विमानं बॉम्बर म्हणून का वापरता. म्हणजे युद्ध जास्त चांगलं कसं लढायचं याची तक्रार. त्याच जानेवारीत छळछावण्या चालूच होत्या. तेव्हा 'बघा, गोरिंगला नडला' म्हणून त्याला लोकशाहीवाला ठरवू नका. हार्टमनलाही तेच लागू. दोघंही त्या राजवटीसाठी शेवटपर्यंत लढले आणि तिचीच मोठमोठी पदकं छातीवर लावून फिरले.

जर्मनीत या विषयावर आजही वाद होतो. म्योल्डर्स हा त्यांचा केवढा गाजलेला वैमानिक, १९४१ मध्येच वारला. एका फायटर विंगला त्याचं नाव होतं, पण स्पेनच्या यादवीत तो हिटलरने पाठवलेल्या काँडोर लीजन या तुकडीतून लढला म्हणून २००५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ते नाव काढलं. ते लोक इतकं बारकाईने बघतात, मग आपण नुसते आकडे बघून भारावून का जायचं?

मेघना_ठाणे

तर्कशुद्ध यांना +१. पण मग गरुडांचा प्रश्न जास्तच महत्त्वाचा होतो ना? अशा माणसाने युद्धानंतर काय केलं हा प्रश्न.

आशावरी

गॅलंड, ल्युत्सो, म्योल्डर्स, माझ्या डोक्यात नावांचा काला झाला :) कोणीतरी हार्टमनचं पण युद्धानंतरचं सांगा, तो रशियात कैदेत होता ना?

चिन्मय_००७

आशावरीताई, मी सांगतो, माझा लाडका विषय.

हार्टमनची आई ग्लायडर उडवायची, त्या काळात! पोराला तिनेच शिकवलं. १९४२ च्या शेवटी विशीतला हा पोरगा रशियन आघाडीवर गेला, दिसायला इतका कोवळा की नावच पडलं बुबी म्हणजे बाळ्या. त्याची पद्धत ठरलेली. आधी बघायचं, मग ठरवायचं, मग हल्ला, आणि लगेच पसार. उगाच गिरक्या घेत मारामारी करायची नाही. अगदी जवळ जायचं, समोरचं विमान काचभर दिसायला लागलं की मगच गोळी. ऑगस्ट १९४३ मध्ये पडला आणि रशियनांच्या हाती सापडला तर जखमी असल्याचं सोंग घेतलं आणि वाटेत उडी टाकून पळाला.

८ मे १९४५ ला, म्हणजे युद्ध संपलं त्या दिवशी, शेवटचं विमान पाडलं आणि अमेरिकनांना शरण गेला. अमेरिकनांनी सगळ्यांना रशियाच्या ताब्यात दिलं. मग साडेदहा वर्षं कैद. तिथे खटला झाला, २५ वर्षांची शिक्षा. उपोषणं केली, अंधारकोठडी भोगली, पण त्यांना हव्या त्या कागदावर सही केली नाही. लग्न सप्टेंबर १९४४ मध्ये झालेलं, मुलगा झाला तेव्हा हा कैदेत आणि तो मुलगा तिसऱ्या वर्षी गेला तेव्हाही कैदेत. बापाने पोराला एकदाही बघितलं नाही. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि उरलेले कैदी सोडवून आणले, त्यात हा सुटला. बायको ऊर्सुला थांबली होती. दहा वर्षं!!

नंतर नव्या हवाई दलात रुजू झाला आणि १९५९ मध्ये पहिल्या जेट फायटर विंगचा प्रमुख झाला, रिख्तहोफेन विंग. सेबर विमानांवर परत काळे ट्युलिप रंगवले. आणि मुख्य मुद्दा, गरुडभाऊ, स्टारफायटरला विरोध कोणी केला होता? हार्टमनने! अमेरिकेत जाऊन तिथल्या वैमानिकांशी बोलून आला आणि सांगत होता की हे विमान आपल्या पोरांना आत्ता झेपणार नाही, आधी मधल्या पायरीची विमानं द्या. त्याचं कोणी ऐकलं नाही, वरिष्ठांशी पटेना, १९७० मध्ये कर्नल म्हणूनच बाहेर पडला. जो आधी बोलला तो मोठा की जो नंतर निस्तरायला आला तो?

सह्याद्रीचा_गरुड

चिन्मय, हा खरा मुद्दा आहे आणि तुझं बरोबर आहे, तो आधी बोलला. पण बोलून विमान पडायचं थांबत नाही ना. हार्टमन सरळ होता, तोंडावर बोलायचा, एक विंग कशी चालवायची त्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण अख्खं हवाई दल, मंत्रालय, संसद, कंपनी, वर्तमानपत्रं या सगळ्यांमधून वाट काढून बदल करून घ्यायचा हे वेगळं काम आहे आणि ते श्टाइनहोफला जमलं.

ओझरकर_काका

मी आयुष्यभर ओझरला मिगच्या कामावर होतो, आता निवृत्त. तेव्हा यंत्राच्या बाजूने दोन शब्द लिहितो, बाकी इतिहास तुम्ही तरुण मंडळी जास्त जाणता.

स्टारफायटर मुळात उंचावर झपकन चढून शत्रूचं बॉम्बर गाठायला केलेलं विमान. लांब पेन्सिलीसारखं धड आणि बोटभर पंख. चांगल्या हवेत, उंचीवर, एकच काम करायचं तर उत्तम. स्पेनने एकवीस विमानं घेतली, फक्त तेवढंच काम दिलं आणि एकही गमावलं नाही. जर्मनांनी त्याच विमानाला नवीन यंत्रणा भरभरून टाकल्या, वजन वाढवलं आणि सांगितलं की तू जमिनीलगत उडून बॉम्ब टाक, अणुबॉम्बही ने, टेहळणी कर, समुद्रावर जहाजं पण बघ. वैमानिक शिकले ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात आणि उडायचं कुठे तर उत्तर जर्मनीच्या ढगात, धुक्यात. खाली तळांवर हँगर पुरेसे नव्हते म्हणून विमानं पावसात उभी. आत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स. आणि मेकॅनिक लोकांना बाहेरच्या कारखान्यात जास्त पगार, ते सोडून जायचे. आमच्या धंद्यात म्हणतात ना की विमान आधी जमिनीवर पडतं, मग आकाशातून. तसंच.

आणि ती सीट. पहिल्या अमेरिकन सीटने जमिनीजवळ जीव वाचायची खात्री नव्हती. श्टाइनहोफच्या काळात ती काढून ब्रिटिश मार्टिन-बेकर सीट बसवल्या. ती सीट विमान धावपट्टीवर उभं असतानाही वैमानिकाला इतकं वर फेकते की पॅराशूट उघडायला उंची मिळते. कमी उंचीवर उडणाऱ्या विमानात हा फरक म्हणजे जगणं किंवा मरणं. एवढी विमानं, एकेक करून उघडायची, सीट काढायची, रॉकेट, पट्टे, कॅनॉपीची जुळणी सगळं तपासायचं. हे काम फोटोत दिसत नाही.

आशावरी

काका, खूप छान समजावलंत. पेन्सिलीमुळे लगेच डोळ्यासमोर आलं.

बर्लिनवासी

काकांनी पंखांचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. बर्लिनच्या पश्चिम टोकाला गाटोवला जुन्या विमानतळावर लष्करी विमानांचं संग्रहालय आहे, तिथे स्टारफायटर अगदी हाताच्या अंतरावर बघता येतं. विमान जवळपास सतरा मीटर लांब आणि दोन्ही पंख धरून रुंदी सात मीटरही नाही. पंखाची पुढची कड इतकी धारदार की जमिनीवर असताना लोकांना लागू नये म्हणून तिच्यावर आवरण घालायचे. मी बाजूला वाकून बघितलं तर पंख कडेने जवळजवळ दिसेनासा होतो. एवढ्याशा पंखावर हे धूड उतरवायचं म्हणजे वेग किती ठेवावा लागत असेल, आणि इंजिन बंद पडलं तर काय, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

तिथेच लागून जी लष्करी बराक आहे तिचं नाव जनरल श्टाइनहोफ. आणि रोस्टोकजवळच्या लागे तळावरच्या फायटर विंगलाही १९९७ मध्ये त्याचं नाव दिलं. गंमत म्हणजे त्या विंगकडे तेव्हा मिग-२९ होती, पूर्व जर्मनीकडून वारशात आलेली! युद्धात रशियन विमानांशी लढलेल्या माणसाचं नाव आणि खाली रशियन विमान.

चिन्मय_००७

अरे मिग-२९ तर आपल्या लोहगावला होती! पुण्यातल्या निम्म्या पोरांनी शाळेच्या गच्चीवरून तीच बघितली असतील. आता गोव्यात दाबोळीला नौदलाची उडतात.

पश्चिमेचा_वारा

अवांतर: जर्मन आणि भारत म्हटलं की कुर्ट टांक विसरू नका. फोके-वुल्फ १९० विमान ज्याने डिझाइन केलं तो १९५६ मध्ये बंगळूरला आला आणि आपलं मरुत लढाऊ विमान केलं, १९६१ मध्ये पहिलं उड्डाण. म्हणजे श्टाइनहोफचे सहकारी युद्धात ज्या विमानांवर उडले ती करणारा माणूस आपल्याकडे काम करत होता.

तर्कशुद्ध

मरुत वेगळा धागा मागतो, तिथे भांडू :) इथे मूळ विषयावर येऊ.

काकांची पोस्ट वाचून मला प्रश्न पडला की मग श्रेय श्टाइनहोफचं किती? सीट ब्रिटिशांनी बनवली, बसवली मेकॅनिकांनी, स्टारफायटरच्या कामात ग्युंटर राल आधीपासून होता आणि तोही महायुद्धातला २७५ विमानांवाला. शिवाय अपघात थांबले असं नाहीच. एकूण ९१६ विमानं घेतली, २९२ गेली, ११६ वैमानिक मेले. यातले बरेच श्टाइनहोफच्या काळात आणि त्याच्यानंतर. १० मार्च १९७० ला एक तरुण नौदल वैमानिक स्टारफायटर कोसळून वारला, योआखिम फॉन हासेल. त्याचे वडील काय-उवे फॉन हासेल १९६३ ते ६६ संरक्षणमंत्री होते. संसदेत याच विमानाची बाजू त्यांना लढवावी लागली होती. तेव्हा श्टाइनहोफ प्रमुख होता.

मेघना_ठाणे

बापरे. मंत्र्याचाच मुलगा. हे वाचून सुन्न झाले.

ओझरकर_काका

तर्कशुद्ध, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. एवढ्या मोठ्या ताफ्यात एकही अपघात नको म्हणजे विमानं उडवूच नका. प्रमुखाचं काम म्हणजे दर हजार तासांमागे किती पडतात तो आकडा खाली आणायचा. तो खाली आला. तो आणायला काय लागतं ते मी मिग-२१ वर बघितलंय. आपल्याकडेही पोरं साध्या ट्रेनरवरून थेट मिग-२१ वर जायची, मधली पायरी नव्हती, हॉक विमानं यायला २००८ उजाडलं. हार्टमन १९५० च्या दशकात जे म्हणत होता तेच. २००१ मध्ये मिगमध्ये मुलगा गमावलेल्या मुंबईच्या एका मराठी आईने किती वर्षं पाठपुरावा केला, ते आमच्या पिढीला आठवतंय. जर्मनीतही वैमानिकांच्या विधवांनी अमेरिकेत हे विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीवर दावा लावून भरपाई घेतली.

खालचा माणूस ओरडतो तेव्हा वरच्याने ऐकलं पाहिजे. मेकॅनिकांना थांबवायला पैसे, सुटे भाग, हँगर, सिम्युलेटर, युरोपातल्या हवेत जास्त तास, हे सगळं मंत्रालयातून भांडूनच आणावं लागतं. रालनेही केलं, मेकॅनिकांनीही केलं, पण सही कोणाची लागते? सीटच्या भानगडीत विमानं जमिनीवर बसवायचा हुकूम द्यायलाही छाती लागते, कारण वर नाटो विचारते की आमच्या संरक्षणाचं काय.

आशावरी

गरुड, तुम्ही त्याच्या अपघाताचं लिहिलंच नाहीत. मी आत्ता फोटो बघितला त्याचा. चेहरा...

सह्याद्रीचा_गरुड

ते मुद्दाम मागे ठेवलं होतं कारण बहुतेक लोक त्याच्यावरच थांबतात. पण आता विचारलंत तर लिहितो.

जेट पथक काढून घेतल्यावर तो गॅलंडच्या छोट्या पथकात गेला, म्युनिकच्या रीम विमानतळावर. हरलेलं युद्ध, पण मेसरश्मिट २६२ जेट उडवायला मिळतंय म्हणून सगळे नावाजलेले वैमानिक तिथे जमले होते. १८ एप्रिल १९४५, युद्ध संपायला तीन आठवडेही नव्हते. सहा विमानं बॉम्बरवर निघाली. धावपट्टी बॉम्बच्या खड्ड्यांनी भरलेली, खड्डे घाईघाईत बुजवलेले. श्टाइनहोफचं विमान पूर्ण वेगात असताना एका बाजूचं चाक गेलं, विमान वर उचलेना, थांबवता येईना. धावपट्टीच्या पुढे जाऊन आपटलं. टाक्या काठोकाठ भरलेल्या, पंखाखाली रॉकेट. तो आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला आणि मागे रॉकेट फुटत होती. पुढची दोनेक वर्षं हॉस्पिटल. पापण्या जळून गेल्या होत्या त्यामुळे डोळे मिटता यायचे नाहीत. एका ब्रिटिश सर्जनने नव्या पापण्या करून दिल्या त्या १९६९ मध्ये!

आता हिशोब करा. म्हणजे नव्या हवाई दलात येणं, चाळिशीत अमेरिकेत जाऊन परत विद्यार्थी म्हणून जेट शिकणं, वॉशिंग्टनला नाटोत काम, आणि स्टारफायटरची पहिली तीन वर्षं, हे सगळं त्याने मिटता न येणाऱ्या डोळ्यांनी केलं. म्हणून मला वाटतं की कोसळणाऱ्या विमानाच्या फायली तो इतरांसारख्या वाचत नसणार. धावपट्टीवर विमान हाताबाहेर जातं म्हणजे काय आणि कॉकपिटमध्ये जळणं म्हणजे काय हे टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या कोणालाच त्याच्याइतकं माहीत नव्हतं.

पश्चिमेचा_वारा

__/\__

तर्कशुद्ध

शेवटचा परिच्छेद पटला. माझा राजवटीचा मुद्दा तरीही कायम ठेवतो, तो यामुळे धुतला जात नाही.

सह्याद्रीचा_गरुड

धुतला जाऊ नयेच. मी पण तेच म्हणतोय की युद्धातली कामगिरी बाजूला ठेवून बघा. त्या कामगिरीचा मालक हिटलर होता. १९६६ ते ७० मधल्या कामगिरीचा मालक निवडून आलेली संसद होती, तिला तो उत्तर द्यायला बांधील होता आणि देत होता. पुढे १९७१ ते ७४ नाटोच्या लष्करी समितीचा अध्यक्ष झाला, म्हणजे ज्या ब्रिटिश-अमेरिकनांची विमानं पाडली त्यांच्याच सेनाप्रमुखांच्या बैठका हा चालवत होता. त्यांनी स्वीकारला त्याला. हार्टमनला हे मिळालं नाही आणि त्यात त्याचा दोष फारसा नाही. ऐन उमेदीची दहा वर्षं कैदेत गेली. बाकीचे त्या काळात नव्या जगात स्थिरावत होते. तो बाहेर आला तेव्हा चौतिशीला आलेला आणि सरळ परत कॉकपिटमध्ये. चिन्मय, म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पण एकाचं नाव निवडायचं तर माझं मत श्टाइनहोफलाच.

चिन्मय_००७

गरुडभाऊ, कैदेचा मुद्दा मानला. माझं मत तरी हार्टमनलाच, कारण त्याचं १९५९-६० मध्ये ऐकलं असतं तर निस्तरायची वेळच आली नसती. आणि रशियानेही १९९७ मध्ये त्याची शिक्षा चुकीची होती असं जाहीर केलं, तोवर तो जाऊन तीन वर्षांच्या वर झाली होती.

ओझरकर_काका

दोघंही बरोबर. हार्टमनसारखा एक जण प्रत्येक तळावर हवा आणि श्टाइनहोफसारखा एक वर हवा. एक असून दुसरा नसला की विमानं पडतात.

मेघना_ठाणे

मी काकांच्या पक्षात. आता ग्युंटर रालबद्दल कोण लिहिणार? तर्कशुद्धांनी नाव घेतलं आणि पुढे गेले.

तर्कशुद्ध

लिहितो, वेगळ्या धाग्यात. श्टाइनहोफनंतर तोच १९७१ मध्ये हवाई दल प्रमुख झाला. १९४४ मध्ये अमेरिकन थंडरबोल्ट विमानाच्या गोळीने डाव्या हाताचा अंगठा गेलेला, तरी पुढे स्टारफायटर उडवायचा. रविवारपर्यंत टाकतो. काका, तुम्ही सीट आणि सिम्युलेटरवर तिथे अजून लिहा, तो भाग मला नीट कळलेला नाही.

ओझरकर_काका

लिहीन. सिम्युलेटरचं सांगण्यासारखं बरंच आहे.